संहारभूमीची अभ्यासयात्रा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने व तिच्या साहाय्यकांनी युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. या घटनेला जगातील अनेक भाषांत ‘होलोकॉस्ट’ असे म्हटले जाते. हिब्रू भाषेत तिला ‘शोआ’, म्हणजे महाविपत्ती, हा शब्द आहे. हा संहार जेथे घडला त्या ठिकाणी शाळांतील मुलामुलींना नेऊन त्याचा इतिहास शिकविण्याची प्रथा गेल्या काही दशकांत अनेक देशांत रूढ झाली. अशा प्रवासाला सहल म्हणावयास मन धजत नाही. तो तीर्थयात्राही नव्हे, कारण यात्रेकरू श्रद्धा घेऊन निघतो आणि विद्यार्थ्याने प्रश्न घेऊन निघावयाचे असते. पुस्तकातून जे कळत नाही असे त्या जागेवर नेमके काय कळते, हा त्यांतील पहिला प्रश्न होय.

या प्रवासांचे मुख्य ठिकाण दक्षिण पोलंडमधील आउश्वित्झ हे आहे. ओश्व्येंचिम या पोलिश गावाचे हे जर्मन नाव. येथील जुन्या लष्करी बराकींत १९४० साली नाझींनी छळछावणी उघडली आणि १४ जून १९४० रोजी ७२८ पोलिश राजकीय कैद्यांची पहिली तुकडी तेथे आणली. तेथून सुमारे तीन किलोमीटरांवर, बिर्केनाऊ येथे, १९४१ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या व पुष्कळच मोठ्या छावणीचे बांधकाम सुरू झाले. १९४२ पासून युरोपच्या निरनिराळ्या देशांतील ज्यूंना आगगाड्यांनी येथे आणून विषारी वायूने मारण्यात येऊ लागले. किमान १३ लाख माणसे या छावणीत आणली गेली आणि त्यांतील सुमारे ११ लाख मरण पावली. मृतांपैकी सुमारे १० लाख ज्यू होते. त्यांखेरीज ७० हजारांहून अधिक पोलिश, सुमारे २१ हजार रोमा आणि हजारो सोव्हिएत युद्धकैदी यांचाही येथे अंत झाला. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य येथे पोहोचले तेव्हा छावणीत सुमारे सात हजार कैदीच उरले होते. १९४७ साली पोलंडच्या संसदेने ही जागा कायद्याने जतन केली, आणि १९७९ साली युनेस्कोने तिचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला.

येथे येणाऱ्या विद्यार्थ्यांचे हेतू मात्र सर्वत्र सारखे नाहीत. ‘आक्टिओन झ्यूनेत्साइखेन’ ही जर्मन संस्था १९५८ साली प्रायश्चित्ताच्या भावनेतून जन्मास आली. तिच्याच पुढाकाराने ओश्व्येंचिममध्ये १९८६ साली आंतरराष्ट्रीय युवक केंद्र उभे राहिले, आणि जर्मन व पोलिश तरुण तेथे एकत्र राहून अभ्यास करू लागले. इस्राएलच्या शिक्षण मंत्रालयाने १९८८ साली शालेय तुकड्या पोलंडला पाठविण्यास प्रारंभ केला; त्या मुलांपैकी अनेकांच्या दृष्टीने हा आपल्याच आजोबा-आजींच्या शोधाचा प्रवास होता. ब्रिटनमध्ये १९८८ साली स्थापन झालेल्या होलोकॉस्ट एज्युकेशनल ट्रस्टने १९९९ पासून सोळा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यासक्रम आखला. प्रत्येक शाळेतून दोन विद्यार्थी निवडावेत, प्रवासापूर्वी त्यांचा अभ्यासवर्ग घ्यावा, एका दिवसाची भेट घडवावी आणि परतल्यावर पुन्हा अभ्यासवर्ग भरवावा, असा त्याचा क्रम ठरविण्यात आला. आउश्वित्झमधील तो एक दिवस या क्रमाच्या मध्यभागी येतो, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

पूर्वतयारीचे महत्त्व उघड आहे. ज्याला १९३३ ते १९४१ या वर्षांचा घटनाक्रम ठाऊक नाही, त्याला छावणीत फक्त क्रौर्य दिसेल; ते क्रौर्य शक्य कसे झाले हे दिसणार नाही. १९३३ च्या एप्रिलमध्ये ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारण्यात आला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचे नागरिकत्व हिरावून घेतले. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली. विषारी वायूच्या कोठड्या या मालिकेच्या अखेरीस येतात. प्रत्येक पायरीवर कोणीतरी कायद्याचा मसुदा तयार केला, कोणी याद्या लिहिल्या, कोणी शेजाऱ्याचे घर स्वस्तात विकत घेतले. जर्मन रेल्वे खाते या माणसांच्या वाहतुकीसाठी तिसऱ्या वर्गाचे भाडे आकारीत असे. लहान मुलांना अर्धे तिकीट लागे आणि संख्या मोठी असल्यास सवलत मिळे. हा हिशेब मांडणारे कारकून छावणीपासून दूर, आपापल्या कचेऱ्यांत बसलेले होते.

या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना प्रथम छावणीत न नेता ओश्व्येंचिम गावात नेतात. तेथे दाखविण्यासारखे फारसे काही नाही, आणि तेच दाखवावयाचे असते. युद्धापूर्वी या गावातील निम्म्याहून अधिक रहिवासी ज्यू होते. त्यांची दुकाने होती, शाळा होत्या, प्रार्थनामंदिरे होती, आणि आपापसांतील भांडणेही होती. १९४१ च्या वसंतऋतूत त्यांना गावातून हाकलून आसपासच्या शहरांतील ज्यू वस्त्यांत कोंबण्यात आले आणि पुढे त्यांतील अनेकांना मारण्यासाठी पुन्हा आपल्याच गावाच्या वेशीवर आणले गेले. गावात उरलेल्या एकमेव प्रार्थनामंदिराचा जीर्णोद्धार करून २००० साली तेथे ज्यू केंद्र उघडण्यात आले. गावातील अखेरचे ज्यू रहिवासी त्याच वर्षी निवर्तले. छावणीतील वस्तू व छायाचित्रे ही बहुतांशी मारेकऱ्यांच्या नजरेतून ज्यूंकडे पाहावयास लावतात. त्या माणसांना आधी माणसे म्हणून ओळखावे, एवढ्यासाठी या गावातील एक तास खर्ची घालणे आवश्यक असते.

त्यानंतर मूळ छावणी येते. तिच्या विटांच्या इमारतींत पादत्राणांचे, चष्म्यांचे आणि कापलेल्या केसांचे ढीग जतन केलेले आहेत. वस्तुसंग्रहालयाकडे सुमारे ३,८०० प्रवासी पेट्या असून त्यांपैकी २,१०० पेट्यांवर मालकांची नावे आहेत. सामान परत मिळेल या भरवशावर लोकांनी आपले नाव, जन्मतारीख व पत्ता त्यांवर ठळक अक्षरांत लिहिला होता. ढिगापुढे मन सुन्न होते. पेटीवरील एका नावापुढे ते विचार करू लागते. ही व्यक्ती कोणत्या गावची, काय वयाची, निघताना तिने पेटीत काय भरले असेल, हे प्रश्न विचारण्यास येथे सुरुवात होते.

बिर्केनाऊचा अनुभव याहून निराळा आहे. तेथे प्रदर्शनीय वस्तू थोड्या आणि मोकळी जागा अफाट; एकूण विस्तार सुमारे १७० हेक्टर. १९४४ च्या मे ते जुलै या अवघ्या आठ आठवड्यांत हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यूंना हद्दपार करण्यात आले. त्यांतील बहुतेक येथील रुळांवर उतरले आणि बहुतेकांना उतरताच थेट मृत्यूकडे धाडण्यात आले. छावणीत आणलेल्यांपैकी दोन लाखांहून अधिक मुले व अठरा वर्षांखालील तरुण होते. म्हणजे भेटीस येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे किंवा त्याहून लहान. वायुकोठड्यांचे आता भग्नावशेषच उरले आहेत. त्यांतील एक इमारत १९४४ च्या ऑक्टोबरात कैद्यांच्या उठावात उद्ध्वस्त झाली. उरलेल्या नाझींनी पुरावा नष्ट करण्यासाठी मोडल्या वा सुरुंगाने उडविल्या. तेथे कामाला जुंपलेल्या कैद्यांनी लिहिलेली टिपणे जमिनीत पुरून ठेवली होती, आणि त्यांतील काही युद्धानंतर सापडली. पुरावा नष्ट करू पाहणारे आणि जीव धोक्यात घालून तो जपणारे, असे दोघांचेही हात विद्यार्थ्याला एकाच जागी दिसतात.

पुरावा तपासण्याची सवय हा या प्रवासाचा खरा लाभ मानावा लागेल. येथील स्मारकावर पूर्वी मृतांची संख्या ४० लाख कोरलेली होती. वस्तुसंग्रहालयाचे इतिहासकार फ्रान्सिशेक पीपर यांनी देशोदेशीच्या हद्दपारीच्या नोंदी जुळवून ती सुमारे ११ लाख असल्याचे दाखविले, आणि १९९० साली जुने फलक काढून टाकण्यात आले. संहार नाकारणारे या दुरुस्तीचा गैरफायदा घेऊ पाहतात. वस्तुतः आपला आकडा कमी करण्यास न कचरणारा इतिहास अधिक विश्वासार्ह ठरतो, हे विद्यार्थ्याला उमगले पाहिजे.

या उपक्रमावर घेतले जाणारे आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. एका दिवसात भावना उचंबळतात, पण समज खोलवर रुजत नाही, असे काही शिक्षक म्हणतात. कोणाला अश्रू आले नाहीत तर त्याला अपराधी वाटते. पण अश्रू हे ज्ञानाचे माप नव्हे. शिवाय आउश्वित्झ म्हणजे संपूर्ण संहार नव्हे. कीव्हजवळील बाबी यार येथे १९४१ च्या सप्टेंबरात दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. त्रेब्लिंका येथे आठ लाखांवर माणसे मारली गेली. पण नाझींनी ती छावणी पाडून जमीन नांगरून टाकली, त्यामुळे तेथे पाहावयास जवळजवळ काहीच नाही. प्रत्येक राष्ट्र या भूमीवर आपापली कथाही सोबत आणते. पाठ्यक्रम व सुरक्षारक्षक यांवरून पोलंड व इस्राएल यांच्यात मतभेद होऊन २०२२ साली इस्राएली विद्यार्थ्यांचे दौरे थांबले होते; २०२३ च्या करारानंतर त्यांचा मार्ग मोकळा झाला.

तथापि या प्रवासांची निकड वाढत चालली आहे. छावणीच्या मुक्तीच्या ७० व्या वर्धापनदिनी, २०१५ साली, तेथून वाचलेले सुमारे ३०० जण समारंभास आले होते. २०२५ साली ही संख्या ५० च्या आसपास होती. आजवर विद्यार्थ्यांना प्रत्यक्षदर्शींच्या तोंडून ऐकता येत असे. यापुढे कागद, वस्तू आणि जागा यांनाच साक्ष द्यावी लागणार आहे, आणि ती वाचता येणारी माणसे तयार करावी लागणार आहेत. म्हणूनच ब्रिटिश अभ्यासक्रमात परतलेल्या विद्यार्थ्यावर एक काम सोपविलेले असते: आपण जे शिकलो ते आपल्या शाळेत व वस्तीत इतरांना समजावून सांगणे. तसे करताना त्याला श्रोत्यांचे अवघड प्रश्न ऐकावे लागतात, उत्तरांसाठी पुन्हा पुस्तकांकडे वळावे लागते, आणि त्याचा खरा अभ्यास तेथून पुढे चालू राहतो.