शिवारातील धूर आणि फुफ्फुसांचे आरोग्य

वणवा म्हटला की जंगल डोळ्यांपुढे उभे राहते. नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या सागवनांत उन्हाळ्यात असे वणवे लागतात. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात घनदाट अरण्य नाही. तेरणा व मांजरा यांच्या काठची काळी जमीन आणि सोयाबीन, तूर व ऊस ही तेथील पिके. तथापि आगीचा धूर याही शिवाराला अपरिचित नाही. तोडणीनंतर पेटविलेले पाचट, मशागतीपूर्वी जाळलेली धसकटे, बांधावरचे व माळावरचे वाळलेले गवत आणि गावाबाहेर धुमसणारा कचरा हे श्वसनाच्या दृष्टीने लहान वणवेच होत. आग शेतातच विझते. धूर मात्र वस्तीत शिरतो.

धुराचा परिणाम

धुरातील सर्वांत घातक घटक म्हणजे अडीच मायक्रॉन, अर्थात एका मिलिमीटरच्या चारशेव्या भागाहून लहान असलेले कण. जाड धूळ नाकात व घशात अडकते. हे कण मात्र फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात व त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही मिसळू शकतात. परिणामी खोकला, धाप व दमा बळावतो आणि हृदयविकार असणाऱ्यांचा धोका वाढतो. अशा कणांचे 24 तासांचे सरासरी प्रमाण एका घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे 2009 चे भारतीय मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ही मर्यादा 15 मायक्रोग्रॅम सुचविली.

हिवाळ्यात रात्री व पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. त्यामुळे सायंकाळी पेटविलेल्या फडाचा धूर वर न जाता रात्रभर गावावर तरंगत राहतो.

लहान मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया, दम्याचे रुग्ण व पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्या व्यक्ती यांना अधिक जपावे लागते. चुलीपुढे बसणाऱ्या गृहिणीला आणि फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या कुटुंबाला तर हा धूर दुहेरी सोसावा लागतो.

धूर पसरल्यास

धुराच्या दिशेची दारे-खिडक्या बंद करून दुर्बल व्यक्तींना घरातील स्वच्छ खोलीत ठेवावे. त्या खोलीत उदबत्ती, डासांची कॉइल वा विडी पेटवू नये. घरात चूल किंवा शेगडी पेटत असेल, तर मात्र दारे-खिडक्या मुळीच बंद करू नयेत. कोंडलेल्या जागेत विषारी वायू साचून प्राणावर बेतते. तोंडावर ओला रुमाल बांधल्याने सूक्ष्म कण अडत नाहीत. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मुखपट्टा उपयोगी पडतो; दाढीमुळे वा फटीमुळे त्याचा गुण कमी होतो. शाळांनी त्या दिवशी मैदानावरील कवायत व खेळ स्थगित ठेवावेत. दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांनी दिलेले औषध जवळ बाळगावे. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे, छातीत दुखणे किंवा गुंगी येणे ही लक्षणे दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जाळण्याऐवजी खत

खरा उपाय आग न लावणे हाच होय. एक हेक्टर उसापासून साधारणतः 8 ते 10 टन पाचट मिळते. ते जाळल्याने त्यातील सेंद्रिय पदार्थ व बहुतेक नत्र वाया जाते. खोडवा ठेवताना बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत पसरावे. त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 10 किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे. पाचट हळूहळू कुजते, ओलावा टिकतो आणि तणही कमी होते. पाण्याच्या टंचाईने ग्रासलेल्या मराठवाड्यात हा लाभ लहान नव्हे. सोयाबीनचे भुसकटही कुजवून खत करावे.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

शेतकऱ्याला केवळ दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. पाचट जाळण्यामागे पुढील पिकाची घाई, मजुरांची टंचाई व उंदरांची भीती असते. यास्तव ग्रामसभेत कृषी सहायकाकडून माहिती द्यावी, पाचट कुट्टी यंत्र सामायिकपणे उपलब्ध करावे आणि प्रथम एका शेतात प्रयोग करून दाखवावा. श्वसनविकार असलेल्या व्यक्तींची यादी आशा कार्यकर्तीकडे असावी. कचरा जाळण्याची प्रथा ग्रामपंचायतीने स्वतःपासूनच बंद करावी.

1997 साली इंडोनेशियातील वणव्यांचा धूर समुद्र ओलांडून सिंगापूर व मलेशियापर्यंत पोहोचला होता. धुराला बांध नसतो. एका शेतकऱ्याने आपल्या शेतात लावलेली आग शेजारच्या वस्तीतील बालकाच्या श्वासाशी निगडित आहे, ही जाणीव गावोगावी रुजविणे हे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांचे सामायिक कार्य आहे.