जोडी विकणे आहे

कवीकडून लोक काय काय लिहून घेतात! लग्नपत्रिकेतल्या ओळी, निवृत्तीचं मानपत्र, दुकानाच्या उद्घाटनाचं निमंत्रण. मिरजेतल्या माझ्या भाच्यानं मात्र कमाल केली. म्हणाला, "मामू, दोन प्रोसेसर विकायचेत. चार ओळींची जाहिरात लिहून द्या."

त्याचं लग्नाच्या अल्बमचं आणि व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. तिथं एक थोराड वर्कस्टेशन आहे, कुठल्याशा कंपनीनं वापरून काढलेलं. आपल्या घरच्या कॉम्प्युटरला प्रोसेसर एक असतो, याला दोन. इंटेलचे झिऑन ई५-२६७०, प्रत्येकी आठ कोअरचे. ते काढून भाच्यानं त्याच जागी बसणारे बारा कोअरचे ई५-२६९७ व्ही२ बसवले, आणि जुनी जोडी टेबलावर येऊन पडली.

रेडिओवर वस्तू दाखवता येत नाही, म्हणून सांगतो. काडेपेटीहून जरा रुंद, बिस्किटासारखा पातळ तुकडा. वर धातूचं झाकण, खाली सोनेरी ठिपके, मोजून दोन हजार अकरा. म्हणून त्याच्या सॉकेटचं नावच एलजीए २०११.

हा प्रोसेसर २०१२ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची किंमत दीड हजार डॉलरच्या वर होती. चारच वर्षांनी, २०१६ मध्ये, हाच माल वापरलेला म्हणून सत्तर डॉलरच्या आसपास मिळू लागला. तो बिघडला होता का? मुळीच नाही. मोठमोठ्या डेटा सेंटरांनी जुने सर्व्हर एकदम बदलले आणि बाजारात ढीग लागला. प्रोसेसरमध्ये फिरणारं, घासणारं काही नसतं. नीट थंड ठेवला तर त्याच्याआधी मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय दम तोडतात. प्रोसेसर म्हातारा होत नाही, त्याची सोयरीक जुळणारी घरं कमी होत जातात. जुन्या प्रोसेसरचा भाव ठरतो तो इथं: तो बसेल असे बोर्ड लोकांकडे किती शिल्लक आहेत, यावर.

आणि ही सोयरीक मोठी नाजूक असते. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचं सॉकेट एलजीए ११५१, आठव्या-नवव्या पिढीचंही एलजीए ११५१. नाव एकच, तरी आठवीचा प्रोसेसर सहावीच्या बोर्डावर चालत नाही. विंडोज ११ आली २०२१ मध्ये. तिच्या अधिकृत यादीत इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची मंडळी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्याआधीच्या चांगल्या चालत्या प्रोसेसरांचा भाव बसला तर नवल नाही. आमच्या जोडीला एव्हीएक्स२ नावाच्या सूचनाही कळत नाहीत, त्यामुळे काही नवी सॉफ्टवेअर तिच्यावर उघडतच नाहीत. असल्या झिऑनना आधार चीनचा. तिथल्या छोट्या कारखान्यांनी खास सर्व्हरमधून निघालेल्या या प्रोसेसरांसाठी एक्स७९ नावानं स्वस्त बोर्ड काढले. ते आपल्याकडेही येतात, आणि कॉलेजची पोरं ते घेतात.

जाहिरातीचा पहिला नियम मला भाच्याकडूनच कळला: नाव पूर्ण लिहायचं. "आय७ विकणे आहे" याला काही अर्थ नाही. पहिला आय७ आला २००८ मध्ये, चौदाव्या पिढीचा २०२३ मध्ये. 'गाडी विकणे आहे' म्हणण्यासारखंच ते. झाकणावर मॉडेलचा आकडा असतो आणि एस-आरनं सुरू होणारा छोटा कोड असतो. दोन्ही दिसतील असा फोटो काढायचा. झाकणावर 'इंटेल कॉन्फिडेन्शिअल' लिहिलेलं असेल तर तो चाचणीसाठी दिलेला नमुना. कंपनी त्याला स्वतःची मालमत्ता मानते; तो विकायला काढूच नये.

तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांतल्या काहींना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते आतून झिजत होते, हे कंपनीनं २०२४ मध्ये मान्य केलं, दुरुस्तीचं अपडेट दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ते अपडेट केव्हा घातलं, हे घेणाऱ्यानं विचारण्याआधी सांगावं.

काढतानाही घाई नको. एएमडीच्या जुन्या एएम४ प्रकारात पिना प्रोसेसरलाच असतात. थंड मशीनचा हीटसिंक ओढला की वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवायचा, पेस्ट मऊ होऊ द्यायची, मग बंद करून, वायर काढून हीटसिंक हलके पिळत उचलायचा. ठेवायचा अँटिस्टॅटिक पिशवीत. थर्मोकोलमध्ये खोचू नये, त्यातून वीज उतरते. आणि हो, प्रोसेसरमध्ये तुमचे फोटो, पासवर्ड काही राहत नाही. ती काळजी हार्डडिस्क विकताना करावी.

इतकं ऐकून मी लिहिलं: 'जोडी विकणे आहे. उत्तम चालू स्थितीत.' जोडी हा शब्द मुद्दाम. अशा मशीनला दोन्ही एकाच मॉडेलचे लागतात, म्हणून जुळी जोडी मागणारा सुट्यापेक्षा थोडे जास्त देतो.

तेवढ्यात भाचा आनंदानं म्हणाला, "मामू, नवीन बसवल्यापासून रॅमसुद्धा पूर्ण चौसष्ट जीबी दिसते. आधी दोन वर्षं छप्पनच दिसायची. मला वाटायचं, एक पट्टी गेलीय."

मी कवी आहे, इंजिनिअर नाही. पण आठ-आठ जीबीच्या आठ पट्ट्या, प्रोसेसर बदलला आणि हरवलेली पट्टी सापडली, एवढं गणित मलाही येतं. या प्रत्येक प्रोसेसरकडे रॅमशी बोलण्याच्या चार वाटा असतात. एकाची एक वाट बंद होती की काय?

भाच्याचा चेहरा उतरला. खात्री करायची तर नवे काढून जुने परत बसवायचे, नवी पेस्ट लावायची, अर्धा दिवस जायचा. लग्नसराईत गिऱ्हाईक दारात. "जोडी चालत होती ना, मामू? चार वाटा मोजतंय कोण?"

आमच्या घरी अब्बा एक गोष्ट सांगायचे. पैगंबरसाहेबांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर वरचं कोरडं आणि आतलं ओलं. विकणारा म्हणाला, पावसानं भिजलं. मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, असं त्यांनी विचारलं. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली नाही. त्यालाही ती पाठ आहे. मी फक्त कागदावरचा 'उत्तम' खोडला.

रात्री दुकान बंद झाल्यावर त्यानं मशीन उघडलं. युक्ती साधी होती: जुने दोन्ही बसवायचे, पण जागा बदलून. रॅम पहिल्याच बाजूला गायब राहिली तर दोष बोर्डाचा. दोष बाजू बदलून गेला तर प्रोसेसरचा. आकडा आला छप्पन, आणि हरवलेली पट्टी आता दुसऱ्या बाजूची होती. सोनेरी ठिपके आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून पाहिले. कधी कधी नुसती पेस्ट किंवा घाण आड येते. पुन्हा छप्पन. रात्रीचे एक वाजले होते. त्यानं मार्कर घेऊन एका पिशवीवर फुली मारली आणि माझ्याशी न बोलता शटर ओढलं.

मग दोन जाहिराती झाल्या. एकीत, 'झिऑन ई५-२६७०, एक नग, चारही मेमरी चॅनल तपासलेले.' दुसरीत, 'तोच प्रोसेसर, एक चॅनल बंद, बाकी ठीक, बोर्ड आणून तपासून घ्यावा.' पहिला नऊशे रुपयांना लगेच गेला. दुसऱ्याला आठवडाभर कुणी विचारलं नाही. भंगारवाल्यानं वजनावर भाव सांगितला. जुन्या सिरॅमिकच्या पेंटियम प्रोमध्ये सोनं बरं असायचं, तेवढं यात नसतं, हे त्यालाही माहीत.

शेवटी इचलकरंजीहून डिप्लोमाचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. पिशवीतून त्यानं एक्स७९ चा बोर्ड काढला. जाहिरात त्यानं दोनदा वाचली होती. भाच्यानं प्रोसेसर बसवला, मशीन सुरू झालं, रॅम पूर्ण दिसली. मुलाच्या त्या स्वस्त बोर्डावर रॅमचे स्लॉट मुळात दोनच होते, आणि दोन्ही चालले. दोनशे रुपये ठरले होते. वडिलांनी घासाघीस करून दीडशे दिले.