विश्वास कुणावर ठेवायचा? ज्येष्ठांची फसवणूक आणि आपण

आज जळकोटला बोलताना विषय मुद्दाम रोजच्या जगण्यातला घेतला आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे एक-दोन ठिकाणी त्या वाटेनं जाईन. पण शेवटी आपल्याला यायचं आहे ते पासबुकापाशीच.

आपलं गाव सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं. मुलं पुण्याला, मुंबईला, हैदराबादला कामाला गेली. घरात राहिले आई-वडील, एक मोबाईल आणि त्या मोबाईलला जोडलेलं एक बँक खातं. सोयाबीनची पट्टी, पीक विमा, अतिवृष्टीचं अनुदान, पीएम किसानचा हप्ता, श्रावणबाळचे पैसे, कुणाचं निवृत्तिवेतन, सगळं त्याच खात्यात येतं. पूर्वी चोराला भिंत फोडावी लागायची. आता फोन लागला तरी पुरतं.

असं कुणाचं झालं की आपण लगेच म्हणतो, “म्हातारा लोभी होता,” नाहीतर “म्हातारीला कळत नाही.” हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. दक्षिण मुंबईत राहणाऱ्या ८६ वर्षांच्या एका बाईंकडून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात वीस कोटींहून जास्त रक्कम काढून घेतली गेली. त्या काही कसल्या लोभात सापडल्या नव्हत्या. “तुमच्या आधार कार्डाचा गैरवापर झालाय, तुमच्यावर गुन्हा आहे,” असं तोतया पोलिसांनी सांगितलं आणि त्या घाबरल्या. म्हणजे फसवणूक नेहमी लोभावर चालते असं नाही. ती भीतीवर चालते, आणि सगळ्यात जास्त विश्वासावर चालते.

आता जरा तत्त्वज्ञानाकडे वळतो. न्यायदर्शनात खरं ज्ञान मिळण्याची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. पण कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर आप्ताच्या. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का! ज्याला ती गोष्ट स्वतःला नीट ठाऊक आहे आणि जशी आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायन तर म्हणतो की आप्त ऋषी असू शकतो, तसा परदेशी म्लेच्छही असू शकतो. पदवी, वेश, हुद्दा यावरून आप्तपण ठरत नाही.

आपल्या पिढीला आप्त ओळखायची सवय होती, पण ती समोरासमोर. बैलबाजारात हेडी कितीही गोड बोलला तरी आपण बैलाचे दात बघायचो, त्याला चार पावलं चालवून बघायचो. हेडी कुठल्या गावचा, कुणाचा पाहुणा, हे विचारायचो. फोनवर यातलं काहीच उरत नाही. तिथे फक्त आवाज आहे, किंवा पडद्यावर खाकी वर्दी आहे. आवाज उसना असतो आणि वर्दी भाड्यानं मिळते. तेव्हा तुमची अक्कल कमी झालेली नाही. पारखायची जी साधनं होती, ती फोननं काढून घेतली आहेत. म्हणून नवी साधनं लागतात. तीन तऱ्हांच्या फसवणुकी बघू.

पहिली तऱ्हा धाकाची. “सीबीआयमधून बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही.” डिजिटल अटक नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलीस अटक करतात ती समोर येऊन. व्हिडिओ कॉलवर चौकशी करून कुठलंही सरकारी खातं पैसे ‘तपासणीसाठी’ मागवून घेत नाही. पण यातलं काहीच लक्षात राहिलं नाही तरी एक खूण लक्षात ठेवा: “कुणाला सांगू नका.” ज्याला खरं सांगायचं असतं तो तुम्हाला लेकापासून, शेजाऱ्यापासून तोडत नाही. हे वाक्य कानावर पडलं की फोन ठेवायचा आणि नेमकं उलट करायचं, पहिल्या भेटेल त्या माणसाला सांगायचं.

दुसरी तऱ्हा मदतीची. “काका, तुमचं केवायसी संपलंय, खातं बंद पडेल.” “आजी, अनुदान अडकलंय, एवढी लिंक उघडा.” व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावानं एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरं असतात. ती उघडली की मोबाईलमध्ये परक्याचा शिरकाव होतो आणि तुमचे ओटीपी त्याला दिसू लागतात. नोव्हेंबर आला की निवृत्तांना हयातीच्या दाखल्याच्या नावानं फोन येतात. इथे साधा नियम असा: ओळख त्यानं द्यायची नाही, आपण करून घ्यायची. फोन ठेवा आणि आपल्या पायांनी बँकेत जा. काम खरं असेल तर ते शाखेतही होईल. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून गेले.

याच तऱ्हेत अंगठ्याचा प्रश्न येतो. आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठा लावून पैसे काढता येतात. ही मोठी सोय आहे, म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला हेलपाटा नको. बहुतेक बँक मित्र प्रामाणिक आहेत. पण “अंगठा लागला नाही, पुन्हा लावा,” असं कुणी दोन-तीनदा म्हणालं, तर प्रत्येक वेळची पावती मागा, व्यवहार फसल्याचीसुद्धा. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या. आधारचे बोटांचे ठसे कुलूपबंद करण्याची सोयही आहे. मात्र मग रेशनला अंगठा लावतानाही आधी ते कुलूप काढावं लागतं, हे ध्यानात घेऊन ठरवा.

तिसरी तऱ्हा जास्त व्याजाची, आणि मराठवाड्याला ती फार जवळून ठाऊक आहे. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेत लोकांनी बारा ते चौदा टक्के व्याजाच्या आशेनं ठेवी ठेवल्या. २०२३ मध्ये ठेवी परत मिळेनाशा झाल्या, पुढे गुन्हे दाखल झाले. ठेवीदारांची संख्या चार लाखांवर असल्याचं सक्तवसुली संचालनालयानं म्हटलं आहे. प्रकरण न्यायालयात आहे, दोष कुणाचा किती हे तिथे ठरेल. पण तिथे कुणी अनोळखी फोन आला नव्हता. चकचकीत शाखा होती, छापील पावती होती.

याच्या शेजारी आपल्याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण ठेवा. उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२१ मध्ये रद्द केला. बँक बुडाली, पण ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असं रिझर्व्ह बँकेनं तेव्हाच सांगितलं. कारण बँकेतल्या ठेवीला विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून तो माणशी, प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेच्या ठेवीला, ती मल्टिस्टेट असो वा साधी, हा विमा नाही. पाटीवर ‘बँक’ आहे की ‘क्रेडिट सोसायटी’, एवढा एक शब्द वाचणं म्हणजे बैलाचे दात बघणं. ठेव ठेवण्याआधी विचारा, “माझ्या ठेवीला विमा आहे का? लेखी द्या.” आणि एखाद्या संस्थेत पैसे अडकलेच असतील तर स्वस्थ बसू नका. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. पोलिसांकडे तक्रार नोंदवून ठेवा, म्हणजे जप्त मालमत्तेतून वाटप होईल तेव्हा तुमचं नाव यादीत असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फसल्यानंतर काय? पैसे गेल्यावर ते एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवले जातात. १९३० या क्रमांकावर तक्रार केली की ते जिथे पोचले असतील तिथे अडवण्याचा प्रयत्न होतो. शेवटच्या माणसानं रोख काढून घेतले की मग अडवायला काही उरत नाही. म्हणून तासातासाला किंमत आहे. आधी १९३०, मग बँक, मग पोलीस ठाणं, हा क्रम पाठ करा. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम तर असा आहे की चूक ना तुमची ना बँकेची, अशा व्यवहाराची माहिती कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला दिली, तर ते नुकसान तुमच्यावर पडत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. पण कळवल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचं. म्हणजे दोन्हीकडे उत्तर एकच, लवकर सांगा.

आणि नेमकं इथेच आपली माणसं गप्प बसतात. का? लाजेपायी. “पोरगं काय म्हणेल? सून काय म्हणेल? गावात हसं होईल.” चार दिवस ते मनात ठेवतात आणि चोराला चार दिवस मिळतात. म्हणून इथे बसलेल्या तरुणांना माझं सांगणं आहे. वडिलांनी अशी गोष्ट सांगितली तर पहिलं वाक्य “तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं” हे असू नये. “सांगितलंत ते बरं केलंत, चला, फोन लावू,” हे असावं. घरातल्या रागाची भीती चोराच्या भीतीहून मोठी झाली, तर १९३० क्रमांक पाठ असून काय उपयोग?

दुसरं टोकही नको. एकदा फसले म्हणून आईचा मोबाईल काढून घेणं, पासबुक स्वतःकडे ठेवणं, हे संरक्षण नव्हे. ज्यानं चाळीस वर्षं शेती आणि प्रपंच चालवला, त्याच्या हातून स्वतःच्या पैशाचा व्यवहार काढून घेणं म्हणजे त्याला जिवंतपणी वारस नेमण्यासारखं आहे. मोठ्या रकमेआधी एकमेकांना विचारायचं, एवढा करार घरात पुरे. आणि तो दोन्ही बाजूंनी असावा, मुलानंही वडिलांना विचारावं. शिवाय तरुणांनी आपलं बँक खातं कुणाला भाड्यानं देऊ नये. चोरीचा पैसा पळतो तो अशाच खात्यांतून, आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात.

गावानं करण्यासारखं फार अवघड नाही. ग्रामसभेत दहा मिनिटं या विषयाला द्या. ग्रामपंचायत, बँक, रेशन दुकान, दवाखाना आणि पारावर १९३० हा आकडा ठळक रंगवा. फसलेल्या माणसाला ग्रामसभेत बोलू द्या, आणि तो बोलेल तेव्हा कुणी हसू नका.

सगळ्यांवर संशय घ्या, असं मी सांगणार नाही. ज्या गावात कुणाचाच कुणावर भरवसा नाही, तिथे म्हातारा माणूस जास्त एकटा पडतो, आणि एकट्याला गाठणं चोराला सोपं जातं. विश्वास ठेवायचाच आहे, फक्त फोनवरच्या अनोळखी आवाजावरचा काढून तो शेजारच्या घरावर ठेवायचा. आता तुमचे प्रश्न घेऊ. कुणाला असा फोन आला असेल तर त्यांनी आधी बोलावं.