मैदानावरच्या दुखापतीचा हिशेब

कबड्डीत चढाई करणारा मुलगा बोनस रेषेपाशी पाय रोवून मागे वळतो आणि नेमका त्याच क्षणी कोपऱ्यातला खेळाडू त्याचा घोटा धरतो. पाऊल जागीच खिळलेले, अंग मात्र फिरलेले. गुडघ्याच्या आतला अस्थिबंध, खेळाडूंच्या बोलीत ‘लिगामेंट’, तुटतो तो असा. रक्ताचा थेंबही दिसत नाही. शिक्षक बर्फ लावतात, मुलगा लंगडत घरी जातो. मग एमआरआय, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आणि पुढे कित्येक महिने व्यायाम. हातावर पोट असलेल्या घरात हा खर्च कोणी करायचा?

महाराष्ट्रात या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर आहे आणि ते प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवे. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना आहे. आरंभी ती विमा कंपनीमार्फत चाले. पुढे कंपनीला मध्ये न घेता शासनच सानुग्रह अनुदान देऊ लागले. २०१३ च्या शासन निर्णयात अपघाती मृत्यूसाठी ७५,००० रुपये, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे कायमचे निकामी झाल्यास ५०,००० आणि एक अवयव वा एक डोळा गेल्यास ३०,००० रुपये ठरले होते. म्हणजे मूल दगावले किंवा कायमचे अधू झाले, तरच मदत. मोडलेल्या हाताला आणि तुटलेल्या लिगामेंटला त्यात जागा नव्हती.

जून २०२२ च्या सुधारित निर्णयाने या रकमा अनुक्रमे १,५०,०००, १,००,००० आणि ७५,००० रुपयांवर नेल्या. मला त्याहून मोलाचे वाटते ते दुसरे कलम. क्रीडा स्पर्धेत खेळताना जखमी झालेल्या विद्यार्थ्याला रुग्णालयाचा प्रत्यक्ष खर्च, कमाल १,००,००० रुपयांपर्यंत, मिळण्याची तरतूद झाली. खेळातली दुखापत ही केवळ त्या घराची अडचण नाही, हे शासनाने यातून मान्य केले.

अडते ते कागदांपाशी. प्रस्ताव शाळेकडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो. प्रथम खबरी अहवाल, स्थळपंचनामा, सिव्हिल सर्जनचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे रस्त्यावरच्या अपघाताला शोभतात. गुडघा मुरगळला म्हणून पोलीस ठाण्यात कोणी जात नाही. म्हणूनच पहिल्या दिवसाची नोंद महत्त्वाची. तारीख, वेळ, खेळ, हजर असलेले शिक्षक, डॉक्टरांची पहिली चिठ्ठी आणि प्रत्येक बिल जपले पाहिजे. महिनाभराने हे पुरावे गोळा करू म्हटले, तर हाती फार थोडे लागते.

जपानने हाच प्रश्न १९६० पासून वेगळ्या वाटेने सोडवला आहे. तिथली ‘जपान स्पोर्ट कौन्सिल’ ही संस्था सध्या शालेय अपघातांची भरपाई देते. प्राथमिक आणि माध्यमिक शाळेतल्या मुलामागे वर्षाची वर्गणी साधारण ९२० येन. ती पालक आणि शाळा चालवणारी यंत्रणा वाटून भरतात. वर्गातला, मधल्या सुट्टीतला, क्रीडा मंडळाच्या सरावातला आणि शाळेच्या वाटेवरचाही अपघात त्यात येतो. उपचाराचा एकूण खर्च ५,००० येनच्या वर गेला की त्याच्या चार दशांश रक्कम मिळते. तीन दशांश कुटुंबाला स्वतः भरावा लागणारा वाटा आणि एक दशांश वरखर्चाला. उपचार लांबले तर ही मदत दहा वर्षांपर्यंत सुरू राहू शकते.

लहानसहान दुखापतीही भरपाईला पात्र असल्याने त्यांची नोंद होते आणि या व्यवस्थेची खरी कमाई तीच. नागोया विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ ऱ्यो उचिदा यांनी शालेय अपघातांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९८३ ते २०११ या काळात शाळांमधल्या ज्यूदोत ११८ मुलांचा मृत्यू झाल्याचे उघड झाले. बळी बहुतांशी नवशिके होते आणि कारण बहुतेक वेळा डोक्याचा मार. २०१२ पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या होणार असल्याने देशभर चर्चा पेटली. पाठीवर फेकण्याच्या डावांबाबत आणि डोक्याला मार लागल्यावर पुन्हा मैदानात उतरण्याबाबत तिथल्या ज्यूदो महासंघाला काटेकोर सूचना द्याव्या लागल्या. सुटे सुटे दुर्दैव वाटणारे मृत्यू एकत्र मांडले, तेव्हा टाळता येण्याजोगे कारण हाती आले.

आपल्याकडे योजनेचा सांगाडा उभा आहे. त्यात तीन गोष्टींची भर घालावी. स्पर्धेइतकाच सरावही निःसंदिग्धपणे संरक्षणाखाली यावा, कारण मुलांचे मैदानावरचे बहुतेक तास सरावातच जातात. खेळातल्या दुखापतीसाठी पोलिसी कागदांऐवजी मुख्याध्यापक आणि डॉक्टर यांचा दाखला पुरेसा धरावा. आणि मंजूर-नामंजूर प्रस्तावांचा गोषवारा खेळ, वय व इजेचा प्रकार यांनुसार दरवर्षी जाहीर व्हावा. कोणत्या खेळात कोणत्या वयाची मुले कशी जखमी होतात हे कळले, तरच मॅट कुठे हवी, खांबाला गादी कुठे बांधायची आणि प्रशिक्षकाला काय शिकवायचे हे ठरवता येईल. भरपाईने एका घराचे बिल भागते. तिच्या नोंदी नीट वाचल्या तर पुढच्या मुलाचा गुडघा वाचतो. शासनाने या दोन्ही कामांची जबाबदारी घ्यावी आणि पालकसभांनी तिचा पाठपुरावा सोडू नये.