माशांची वाइन : म्युस्कादे

मी मूळची मालवणची, आता फ्रान्समध्ये नाँतला राहते. शहराच्या आग्नेयेला सेव्र आणि मेन या नद्यांच्या काठी म्युस्कादेचे मळे आहेत. आंबताना द्राक्षांतली साखर जवळजवळ सगळी संपते, म्हणून ही पांढरी वाइन अगदी कोरडी लागते. नुसता घोट घेतला तर ती पातळ आणि आंबट वाटेल. तिची खरी लज्जत कळते ती ताटात मासा असताना.

हिचं द्राक्ष मूळचं बरगंडीचं, ‘मलाँ’ जातीचं. 1709च्या भयंकर हिवाळ्यात इथले वेल गोठून मेले. मलाँ थंडीला दाद देत नाही, म्हणून लागवड त्याचीच वाढली. ब्रँडीसाठी पांढरी वाइन विकत घेणाऱ्या डच व्यापाऱ्यांनाही ते सोयीचं होतं. 1936 साली सेव्र-ए-मेनच्या वाइनला अधिकृत भौगोलिक नामांकन मिळालं.

या द्राक्षाला स्वतःचा सुगंध बेताचाच. चव भरते ती गाळामुळे. आंबवण्याचं काम संपलं की मेलेलं यीस्ट टाकीच्या तळाशी बसतं. वाइन हिवाळाभर त्याच गाळावर ठेवतात आणि वसंतात थेट तिथूनच बाटलीत भरतात. त्यामुळे तिला ताज्या पावाचा मंद वास येतो, अंगात भरीवपणा येतो आणि जिभेवर किंचित चुरचुर जाणवते. अशा बाटलीवर ‘स्युर ली’, म्हणजे ‘गाळावरची’, असं छापलेलं असतं. क्लिसों या गावाच्या नावाची म्युस्कादे तर किमान दोन वर्षं गाळावर मुरते.

इथल्या तालांसाक बाजारात कालवं विकायला असतात. शिंपल्याच्या सांध्यात आखूड सुरी घालून मनगट फिरवायचं, वरचं झाकण काढायचं, खाली मांस सोडवायचं आणि आतलं खारं पाणी अजिबात सांडू द्यायचं नाही. कालव कच्चंच खातात. त्यावर म्युस्कादेचा गार घोट घेतला की लिंबू पिळण्याची गरज उरत नाही. वाइनचा आंबटपणा खारट चवीला उठाव देतो आणि तोंड स्वच्छ करतो. रेड वाइनमध्ये लोह जास्त असलं तर माशाची हिवस चव मागे रेंगाळते. तो त्रास इथे नाही.

नाँतचा दुसरा मान ‘बर ब्लाँ’चा. बारीक चिरलेले छोटे कांदे व्हिनेगर आणि म्युस्कादेत आटवायचे, मग गार लोणी थोडं थोडं घालत फेटायचं. हा सॉस नदीतल्या माशावर ओततात. लोण्याचा जडपणा कापायला पेल्यात तीच वाइन हवी.

आपल्याकडच्या मीठ-हळदीत वाफवलेल्या तिसऱ्या आणि रव्यात तळलेली सुरमई हिच्याबरोबर छान लागतात. बांगड्याच्या तिखल्याबरोबर मात्र नको. अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं. तिथे सोलकढीच खरी.

म्युस्कादे 8 ते 10 अंशांवर गार करा, बाटलीवर ‘स्युर ली’ आहे ना ते बघा, आणि मासा ताटात वाढल्याशिवाय बूच काढू नका.