शस्त्राचा भरवसा : नावावर की परीक्षेवर?



जुन्या मराठी शस्त्रांच्या संग्रहात आपणांस 'फिरंग' या नावाची तलवार हटकून दिसते. तिचे पाते युरोपातून आलेले आणि मूठ मात्र आपल्या कारागिराने बसविलेली. म्हणजे परदेशी नामांकित माल घ्यावा की घरचा स्वस्त माल घ्यावा, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही पडला होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर मोठ्या शहाणपणाने दिले : पाते जेथले चांगले असेल तेथले घ्यावे, पण मूठ आपल्या हाताच्या मापाची असावी. आज मला जो विषय मांडावयाचा आहे तो याच प्रश्नाचे आधुनिक रूप होय. थोड्या किमतीचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर नामांकित महागड्या हत्याराइतके भरवशाचे असते काय?

मी शाळामास्तर. माझा आणि शस्त्रांचा संबंध तो काय, असे आपण विचाराल. परंतु सातारा जिल्ह्यात मास्तरकी केलेल्या माणसाचे विद्यार्थी पलटणीत जातात; या जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. असाच माझा एक विद्यार्थी हवालदार होऊन निवृत्त झाला. तासगाव-सांगली भागातील एका व्यापाऱ्याच्या रोकडीबरोबर जाण्याचे काम त्याने पत्करले, आणि २०१८ साली त्याला .३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला. एके संध्याकाळी तो घरी आला व म्हणाला, "गुरुजी, पलटणीत हत्यार सरकारनं दिलं, ते घेतलं. आता पैका माझा आणि जीवही माझा. एक जुनं विलायती हत्यार नजरेत आहे, पण त्याच्या निम्म्या पैशांत आपलं देशी नवं येतंय. काय करू?" निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पुंजीतील मोठा भाग त्यात जावयाचा होता. त्याला उत्तर देण्यासाठी मला जो अभ्यास करावा लागला, त्याचे सार आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आपल्या देशातील परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. तेव्हा वेब्ली, कोल्ट, वॉल्थर वगैरे जी जुनी विलायती हत्यारे एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यांचे वय निदान चाळीस वर्षांचे, पुष्कळदा साठ-सत्तर वर्षांचे असते. त्यांची किंमत लाखांत जाते ती केवळ गुणामुळे नव्हे, तर दुर्मिळपणामुळे. दुसऱ्या बाजूस कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे. त्याची मूळ बांधणी वेब्लीच्याच घराण्यातील. याच शहरातून २०१४ साली 'निर्भीक' नावाचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे, स्त्रियांना बाळगता यावे म्हणून काढलेले रिव्हॉल्व्हर बाजारात आले. त्याची त्या वेळची किंमत सुमारे सव्वा लाख रुपये होती. म्हणजे आपल्याकडे 'स्वस्त' हा शब्दही बेतानेच वापरावयाचा!

आता भरवसा म्हणजे काय, ते पाहू. हत्याराच्या भरवशाला दोन अंगे आहेत. पाहिजे त्या क्षणी ते उडाले पाहिजे, हे एक. आणि नको त्या क्षणी ते मुळीच उडता कामा नये, हे दुसरे. गिऱ्हाईक बहुधा पहिल्याचीच चौकशी करते. वास्तविक घरात हत्यार वर्षानुवर्षे न वापरता पडून राहते. म्हणून गृहस्थाच्या दृष्टीने दुसरे अंगच अधिक महत्त्वाचे.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांच्यातील भेदही समजून घ्यावा. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे चक्र असते. चाप ओढला की बोटाच्याच बळाने चक्र एक घर फिरते, घोडा मागे जातो व काडतुसाच्या टोपीवर आपटतो. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढताच पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलाचे तसे नाही. तेथे पहिल्या काडतुसाच्या धक्क्यानेच रिकामी नळकांडी बाहेर फेकली जाते आणि नवे काडतूस नळीत चढते. काडतूस दुबळे असले, काडतुसांच्या पेटीचे ओठ वाकले, किंवा आत मळ साचला, की ही साखळी तुटते आणि हत्यार अडकून बसते. म्हणून स्वस्त पिस्तुलात उणीव लवकर उघडी पडते. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती पुष्कळ काळ झाकून राहते.

मग नावाची किंमत ती काय? येथे मी माझ्या जुन्या धंद्याचा, म्हणजे गणिताचा, आधार घेतो. समजा, एक हत्यार दहा वेळांतून सरासरी एकदा दगा देणारे आहे. आपण ते विकत घेतले आणि चांदमारीवर वीस गोळ्या झाडून पाहिल्या. वीसही बार नीट उडण्याचा संभव किती? सुमारे आठांत एक! म्हणजे इतके वाईट हत्यारही आठांतून एका गिऱ्हाइकाला निर्दोष वाटेल. शंभरांत एकदा दगा देणारे हत्यार तर लागोपाठ शंभर बार बिनचूक उडवील, असा संभव तिघांत एकाहून अधिक आहे. आपल्याकडे परवान्यावर काडतुसांची संख्या मर्यादित लिहिलेली असते. शेकडो काडतुसे खर्चून परीक्षा पाहणे सामान्य माणसाला शक्य नाही. म्हणून तो दुसऱ्याने केलेली परीक्षा विकत घेतो. नामांकित शिक्का म्हणजे दुसऱ्याने केलेल्या परीक्षेची पावती होय.

अशा परीक्षेचे प्रसिद्ध उदाहरण १९११ सालचे. जॉन ब्राउनिंग यांनी योजलेल्या कोल्ट पिस्तुलातून अमेरिकन सैन्याने दोन दिवसांत ६००० गोळ्या झाडल्या. हत्यार फार तापले की पाण्यात बुडवून थंड करीत आणि पुन्हा सुरू. त्यात एकदाही बिघाड झाला नाही, आणि त्या एका परीक्षेवर त्या पिस्तुलाचे नाव पुढे कित्येक दशके चालले.

परंतु ही पावती जन्मजात नसते, ती कमवावी लागते. ऑस्ट्रियातील गॅस्टन ग्लॉक यांनी पूर्वी कधीही पिस्तूल बनविलेले नव्हते. पडद्यांच्या दांड्या आणि चाकू यांचा त्यांचा कारखाना. त्यांनी प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे, थोड्या भागांचे पिस्तूल तयार केले, आणि १९८२ साली जुन्या घराण्यांना मागे सारून ऑस्ट्रियन सैन्याने तेच पसंत केले. आजचे नामांकित नाव काल अनोळखी होते. आपल्या सांगलीकडेही याचा दाखला आहे. ज्यांनी पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांचे पहिले लोखंडी नांगर खपविण्यास दोन वर्षे लागली. शेतकऱ्यांनी ते जमिनीत चालवून पाहिल्यावरच त्यांच्यावर विश्वास ठेवला.

उलट, नाव मोठे असूनही चूक होते. २०१७ साली सिग सॉअर या प्रतिष्ठित कंपनीच्या पी-३२० या पिस्तुलाविषयी, ते विशिष्ट कोनात खाली पडल्यास आपोआप उडते, अशा तक्रारी आल्या आणि कंपनीला ती पिस्तुले सुधारून देण्याची योजना जाहीर करावी लागली. त्याच वर्षाच्या आरंभी त्याच पिस्तुलाच्या एका रूपाची अमेरिकन सैन्याने निवड केली होती! स्वस्तांपैकी ब्राझीलच्या टॉरस कंपनीवरही अशाच कारणास्तव अमेरिकेत दावा झाला, व सुमारे दहा लाख पिस्तुलांबाबत तडजोड करावी लागली. पडले तरी उडू नये ही कसोटी महागालाही चुकत नाही आणि स्वस्तालाही चुकत नाही.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. 'गावठी कट्टा' हा स्वस्त हत्यारांत मोडत नाही. तो हत्यारांतच मोडत नाही. विलायतेत बर्मिंगहॅम येथे १८१३ पासून परीक्षागृह आहे. तेथे नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून नळी टिकते की नाही हे पाहतात आणि मगच तीवर छाप मारतात. कट्ट्याची नळी कशाचीही असते, तिला परीक्षा नाही, छाप नाही; ती फुटली तर प्रथम बाळगणाऱ्याचाच हात जातो. ओळखचिन्ह नसलेले शस्त्र विकणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हाही आहे.

याच मातीत १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार चालले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, ते पहारेकऱ्यांच्याच बंदुका हाती घेऊन. त्या लोकांना शिक्का पाहून हत्यार निवडण्याची सोय नव्हती. आज कायद्याने परवाना मिळविणाऱ्यास निवड करता येते. म्हणून पारखून घेण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे वळतो. आम्ही ते जुने विलायती रिव्हॉल्व्हर एका परवानाधारक कारागिराला दाखविले. बाहेरून मुलामा आरशासारखा. पण आत चक्राची खाच झिजलेली होती. घोडा पडताना चक्राचे घर नळीच्या बरोबर समोर येत नव्हते. असे हत्यार उडविले तर गोळीची किनार तासली जाऊन शिशाचे कण बाजूला उडतात. ज्या कारखान्याने ते घडविले त्याचे नाव खरेच मोठे. परंतु त्याची पावती त्या नमुन्याला आणि त्या काळाला दिलेली होती, साठ वर्षे हाताळलेल्या या एका नगाला नव्हे. शेवटी त्याने नवे देशी रिव्हॉल्व्हर त्याच कारागिराकडून तपासून घेतले, आणि उरलेल्या पैशांतून प्रथम भिंतीत बसविलेली पोलादी पेटी केली.

पुढे ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. याची खोली दोन दिवस पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर रिव्हॉल्व्हर कारागिराने उघडून पुसले, तेल दिले. ते ठीक निघाले. काडतुसे वरून लखलखीत दिसत होती. तरी त्याने संशयाने त्यांतली दहा चांदमारीवर उडवून पाहिली, तेव्हा तीन उडालीच नाहीत. दारू किंवा टोपीपर्यंत ओल पोहोचली होती. "गुरुजी," तो म्हणाला, "हत्यार मी पारखून घेतलं, पण त्या रात्री प्रसंग आला असता तर दगा काडतुसानं दिला असता." त्याच्या या वाक्यात सारा विषय आला. भरवसा एकट्या हत्याराचा नसतो. हत्यार, काडतूस, निगा आणि हात या चौघांचा तो असतो, आणि चौघांतील सर्वांत दुबळा जितका खरा, तितकाच तो भरवसा खरा.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे : परीक्षेचा छाप असलेले, जाणत्याने तपासलेले, साध्या बांधणीचे थोड्या किमतीचे हत्यार गृहस्थाच्या कामास पुरेसे भरवशाचे असू शकते. महागड्या नावाने परीक्षेचा इतिहास मिळतो, पण हाती आलेल्या नगाची तपासणी चुकत नाही. दमट हवेत, विशेषतः महाबळेश्वराच्या बाजूच्या पावसात, दरमहा पुसून तेल द्यावे. काडतुसे कोरडी ठेवावीत व जुनी झाली की बदलावीत. काडतूस उडाले नाही तर नळीचे तोंड निशाणाकडेच ठेवून थोडा वेळ थांबावे, कारण कधी कधी बार उशिरा उडतो.

आणि ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांना या म्हाताऱ्या मास्तराचे एक सांगणे. हत्यार घ्यावयाचे की नाही, हे ठरविण्यापूर्वी ते कोठे ठेवावयाचे हे ठरवा. माझ्या विद्यार्थ्याच्या घरी रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे निरनिराळ्या कुलपांत असतात, आणि किल्ल्या त्याच्या कमरेला. त्या घरातील सर्वांत भरवशाची वस्तू कोणती, असे मला कोणी विचारले, तर मी त्या दोन कुलपांकडे बोट दाखवीन.