पेठ (शब्द)

पेठ हा मराठीतील एक स्त्रीलिंगी नामशब्द असून त्याचे अनेकवचन 'पेठा' असे होते. बाजार, व्यापारी गाव, शहरातील वस्तीचा विभाग, स्थळनामाचा उत्तरार्ध आणि हुंडीची दुसरी प्रत अशा वेगवेगळ्या अर्थांनी तो वापरला जातो. कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे संदर्भावरून आणि बऱ्याचदा शब्दाच्या व्याकरणिक रूपावरून ठरते. नागपुरातील धरमपेठ हे या अर्थांतराचे ठळक उदाहरण होय.

बाजार आणि वस्ती

'पेठ' म्हणजे मुळात खरेदीविक्रीचे ठिकाण. मराठेशाहीत नवी पेठ वसवताना व्यापाऱ्यांना व कारागिरांना ठरावीक वर्षे करांत सूट देणारा कौल दिला जाई, आणि पेठेचा कारभार शेटे व महाजन पाहत. व्यापाऱ्यांच्या दुकानांसभोवती घरे उभी राहिली आणि 'पेठ' हा शब्द बाजाराबरोबरच त्या संपूर्ण वस्तीलाही लागू झाला.

पुण्यातील पेठांची नावे दोन प्रमुख प्रकारची आहेत. सोमवार, बुधवार, शनिवार यांसारखी काही नावे वारांवरून आली आहेत, तर काही व्यक्तींवरून पडली आहेत. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या, तर नाना पेठ नाना फडणवीसांच्या नावाने ओळखली जाते. गंज पेठेचे नाव पुढे महात्मा फुले पेठ असे झाले.

नागपुरातील वापर

नागपुरात वारांची नावे आहेत, परंतु त्यांना 'पेठ' हा शब्द जोडला जात नाही. पुण्यातील 'रविवार पेठ' या नावाच्या जागी नागपुरात 'इतवारी' आढळते. मंगळवारी आणि शुक्रवारी ही नावेही याच धाटणीची आहेत, तर महाल भागात 'बुधवार बाजार' आहे. याउलट शहराच्या पश्चिमेकडील धरमपेठ, गोकुळपेठ आणि रामदासपेठ या नावांत 'पेठ' आहे, पण वार नाही. गोकुळपेठेत भाजीबाजार भरत असल्याने तेथे मूळ अर्थ टिकून असल्यासारखा वाटतो. धरमपेठेतही दुकानांची गर्दी असते, तरीही हे नाव प्रामुख्याने निवासी भागाचे म्हणूनच उच्चारले जाते.

लेखनातही फरक आहे. 'सदाशिव पेठ' हे नाव सामान्यतः दोन शब्दांत, तर 'धरमपेठ' एकाच शब्दात लिहिले जाते. जोडून लिहिल्यावर 'पेठ' हे स्वतंत्र नाम न राहता विशेषनामाचा भाग बनते. त्यामुळे 'धरमपेठेत' या रूपाबरोबर बोलण्यात 'धरमपेठमध्ये' हे रूपही ऐकू येते. पहिल्या रूपात 'पेठ' या नामाचे सामान्यरूप जिवंत आहे, तर दुसऱ्यात संपूर्ण नाव अविकारी मानले जाते.

अन्य अर्थ

'बाजारपेठ' या सामासिक शब्दाचे दोन्ही घटक जवळजवळ समानार्थी आहेत. आज तो दुकानांच्या रस्त्यासाठी जसा वापरला जातो, तसाच मालाला मागणी असलेल्या क्षेत्रासाठीही. उदाहरणार्थ, 'संत्र्याला परदेशी बाजारपेठ मिळाली'. समभागांच्या व्यवहारासाठी मात्र 'शेअर बाजार' हाच शब्द रूढ आहे.

हुंडीच्या व्यवहारात मूळ हुंडी गहाळ झाल्यास दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रतीला 'पेठ' व तिसऱ्या प्रतीला 'परपेठ' म्हणत. 'सदाशिवपेठी' हे विशेषण स्थळाबरोबरच एका विशिष्ट मध्यमवर्गीय वृत्तीचे, बहुधा विनोदाने किंवा टीकेच्या सुरात, वर्णन करते.

नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याचे व त्याच्या मुख्यालयाचे, तसेच सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातील एका गावाचे नावही 'पेठ' असेच आहे.

इतर भाषांत

कन्नडमधील 'पेटे', तेलुगूमधील 'पेट' आणि तमिळमधील 'पेट्टै' हे शब्द याच्याशी मिळतेजुळते आहेत. बंगळूरचे चिक्कपेटे, हैदराबादचे बेगमपेट आणि चेन्नईचे सैदापेट ही त्यांची उदाहरणे होत. कर्नाटकातील 'होसपेटे' या नावाचा अर्थ 'नवी पेठ' असा आहे. पुणे आणि सोलापूर येथे याच अर्थाची 'नवी पेठ' आढळते.

साम्य असलेले शब्द

विद्यापीठ, शक्तिपीठ यांतील 'पीठ' हा आसन या अर्थाचा संस्कृत शब्द वेगळा आहे. पैठण हे नाव 'प्रतिष्ठान' या शब्दापासून आले असून त्याचा 'पेठ' या शब्दाशी संबंध नाही. कोहळ्यापासून बनवल्या जाणाऱ्या मिठाईला 'पेठा' म्हणतात. तो पुल्लिंगी एकवचनी शब्द असून 'पेठ' या शब्दाच्या अनेकवचनाशी त्याचे केवळ उच्चारसाम्य आहे.